तो तुमचा कोण लागत होता?

३० एप्रिल २०२१, शुक्रवार. दुपारी आमच्या वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली, 'आज तक' या हिंदी वृत्तवाहिनीचे निवेदक रोहित सरदाना गेले. कोविड झालेला होता, हृदयविकाराचा झटका आला, वय ४१. दोन घरं सोडून राहणाऱ्या काकूंनी खाली लिहिलं, "घरातलंच कोणी गेल्यासारखं वाटून राहिलं." मिनिटभरात उत्तर आलं, "तो तुमचा कोण लागत होता काकू? आपल्या गल्लीतून पंधरा दिवसांत तीन तिरड्या गेल्या, तेव्हा तर काही लिहिलं नाही तुम्ही." मग एकाने जोडलेले हात टाकले, दुसऱ्याने विचारलं की विष पेरणाऱ्याला श्रद्धांजली कसली, तिसऱ्याने त्या दुसऱ्याला देशद्रोही ठरवलं, आणि संध्याकाळी ॲडमिनने वैतागून ग्रुपला कुलूप लावलं. याच ग्रुपवर त्या दिवसांत ऑक्सिजन सिलिंडरवाल्यांचे नंबर फिरत होते. तेही थांबलं. रात्री एकाला आपल्या भावासाठी प्लाझ्मादाता हवा होता, त्याला घरोघर फोन लावत बसावं लागलं.

हाच वाद पुढच्या जानेवारीत एनडीटीव्हीचे लखनौचे पत्रकार कमाल खान गेले तेव्हा झाला, सौम्यपणे झाला पण झालाच. त्यानंतरही पडद्यावरचा कोणी ओळखीचा माणूस अचानक गेला की तोच प्रश्न जसाच्या तसा बाहेर येतो. तुमचा कोण लागत होता? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. रडणाऱ्या काकूंचं काहीही चुकलेलं नसतं. जाब विचारायचाच तर तो मरण विकणाऱ्या वाहिन्यांना विचारावा. पण वाहिनीपर्यंत आपला हात पोचत नाही आणि काकू दोन घरांवर असतात, म्हणून सगळा राग तिकडे निघतो.

राग खोटा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्या शुक्रवारच्या चोवीस तासांत देशातल्या नव्या रुग्णांचा आकडा पहिल्यांदाच चार लाखांच्या पुढे गेला होता. आपल्याकडे घाटांवर रांगा होत्या, सरण रचायला माणसं पुरत नव्हती. अशा वेळी एका चेहऱ्याला तासन् तास पडदा मिळतो आणि गल्लीतल्या माणसाला साधी चार खांदेकऱ्यांची सोबत मिळत नाही, हे पाहून कोणाच्याही पोटात ढवळेल. आणि हा हिशेब फक्त कोविडचा नाही. नागपूरकराला तर तो फार जुना आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली, त्यांत बाया आणि लेकरंच जास्त. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. रोज हजारो गाड्या त्या पुलावरून जातात. त्या ११४ जणांपैकी एकाचं तरी नाव किती जणांना सांगता येईल? मला येत नाही. इतकी वर्षं बातमीच्या धंद्यात काढून येत नाही.

आता हीच कबुली जरा उलटून पाहू. मला त्यांतलं एकही नाव का येत नाही? मी तेव्हा एखाद्या नटासाठी किंवा निवेदकासाठी रडून सगळे अश्रू खर्च केले होते, म्हणून? तसं काहीच नव्हतं. १९९४ साली चोवीस तासांच्या वाहिन्याही नव्हत्या. तरीही गोवारी अनोळखीच राहिले. कारण ते आपल्यासमोर आले तेच आकडा होऊन. मोर्चा म्हणून आले, चेंगराचेंगरी म्हणून गेले. एकेकाचं गाव, एकेकीचं घर, कोण कोणाचा हात धरून आली होती, हे आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी जितकं दाखवायला हवं होतं तितकं दाखवलं नाही. दुःख ओळखीच्या वाटेने येतं. ते रेशनचं धान्य नाही की काकूंनी पाच किलो नेलं म्हणून गोवारींच्या वाट्याला कमी आलं. उलट अनुभव असा की ज्याला एका परक्या माणसासाठी गलबलून येतं, त्यालाच दुसऱ्यासाठीही येण्याचा संभव असतो. 'त्या वेळी कुठे होतात' हा सवाल करणारे बहुतेक जण स्वतः त्या वेळी कुठेच नसतात. गल्लीतल्या तीन तिरड्यांचा दाखला देणारे आमचे ते गृहस्थ त्यांतल्या एकाही घरी गेले नव्हते. भीतीचे दिवस होते, मी त्यांना त्याबद्दल दोष देत नाही. पण आपण ज्या मेलेल्यांसाठी काही केलं नाही त्यांना दुसऱ्याच्या पाठीत हाणायची काठी करायची, हा काही त्या मेलेल्यांचा सन्मान नव्हे.

'कोण लागत होता' या प्रश्नामागे एक जुनी समजूत आहे, की शोक नात्याच्या पदराने मोजायचा. सख्ख्याला दहा दिवस, लांबच्याला तीन दिवस, त्याहून लांबच्याला नुसती आंघोळ. पण ज्या शास्त्रातून हे सुतक आलं त्याच शास्त्राने रक्ताबाहेरच्या माणसांसाठीही जागा ठेवली होती. मनुस्मृतीत आचार्यासाठी तीन रात्रींचं अशौच आहे, आणि आपल्या मुलखाचा राजा गेला तर 'सज्योति', म्हणजे दिवसा गेला तर सूर्य मावळेपर्यंत आणि रात्री गेला तर तारे मावळेपर्यंत. त्या ग्रंथाची शिफारस करायला मी बसलेलो नाही. महाडला तो जाळला गेला आणि ठीकच झालं. पण ज्याच्याशी कधी बोललो नाही त्याच्यासाठीही अर्धा दिवस थबकावं, ही गोष्ट टीव्हीने आणलेली नाही, एवढं त्यातून कळतं. हॉर्टन आणि वोल या अमेरिकी अभ्यासकांनी पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या या एकतर्फी ओळखीवर १९५६ सालीच लिहून ठेवलं आहे. एकतर्फी असली तरी ओळखच ती. संध्याकाळी पाचला चहा ठेवायचा आणि समोर तो चेहरा, असं वर्षानुवर्षं चाललं की त्या चेहऱ्याचं जाणं म्हणजे त्या पाच वाजण्याचंही जाणं असतं.

मी नागपुरातल्या एका दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होतो. मोठ्या पुढाऱ्यांचे मृत्युलेख आमच्याकडे आधीच तयार असत, नुसती तारीख घालायची. तयार नसायचे ते अचानक जाणाऱ्यांचे. त्याहून जास्त काम मात्र आतल्या पानावरच्या 'निधन वार्ता' या स्तंभाचं असे. नाव, वय, मागे कोण कोण आहे, अंत्ययात्रा किती वाजता निघेल, मोक्षधाम की अंबाझरी की गंगाबाई घाट. एका पावसाळ्यात एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आली. लग्नातल्या ग्रुप फोटोतून कात्रीने कापलेला, त्यामुळे त्याच्या खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात तसाच राहिला होता. ती म्हणाली, "हा हात काढता येईल काय?" तेव्हा संगणक नव्हते. पेस्टिंगवाल्याने ब्लेडने जमेल तेवढं खरवडलं. दुसऱ्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर एका गायकाच्या निधनाची बातमी होती, आणि सातव्या पानावर हा, खांदा थोडा खाल्लेला. त्या बाईने कधी येऊन विचारलं नाही की गायकाला पहिलं पान काहून दिलं बाप्पा. तो हिशेब तिच्या डोक्यातच नव्हता. तो हिशेब ज्यांचं कोणी गेलेलं नसतं त्यांच्या डोक्यात असतो.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे आणि तो टाळता येणार नाही. ओळखीने दुःख येतं हे कबूल, पण ओळख कोणाची करून द्यायची हे ठरवतं कोण? पडदाच ना? मग पडद्याने स्वतःच्या माणसांची ओळख करून द्यायची, शेतकऱ्याची करून द्यायची नाही, आणि वर म्हणायचं लोक आमच्यासाठी रडतात! बरोबर आहे. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. कर्जात बुडालेलं, गाण्याचा नाद असलेलं, सुस्थितीतलं म्हणावं असं घर. त्या वेळी मुंबई-दिल्लीच्या पडद्यावर त्यांचं नाव किती जणांनी ऐकलं असेल? पण तिथून २००६ पर्यंत या. जून संपता संपता पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येतात, कास्तकारांच्या घरात बसतात, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करतात. पॅकेजचं पुढे काय झालं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे, त्याबद्दल मला भाबडं बोलायचं नाही. पण पंतप्रधानांना नकाशावर यवतमाळ-वर्धा दिसलं ते कशाने? काही बातमीदार उन्हातान्हात त्या घरांमध्ये गेले, विधवांची नावं, सातबारा, सावकाराची चिठ्ठी घेऊन आले, आणि ते छापत, दाखवत राहिले म्हणून. म्हणजे अनोळखी मेलेल्याला ओळखीचं करणारं काम बातमीदारच करतात. ते करणारा बातमीदार गेला तर लोकांनी हळहळू नये, हा तर उफराटा न्याय झाला.

पुण्यातलं उदाहरण याहून बोलकं आहे. टीव्ही नाईन मराठीचे पांडुरंग रायकर २ सप्टेंबर २०२० रोजी कोविडने गेले. वय ४२. नव्याने उभारलेल्या जम्बो रुग्णालयात होते, दुसरीकडे हलवायला कार्डियाक ॲम्ब्युलन्स वेळेत मिळाली नाही असा आरोप झाला. महाराष्ट्रभर हळहळ झाली, चौकशीचे आदेश निघाले, आणि आठवडाभर राज्यात जो तो ॲम्ब्युलन्स मोजायला लागला. तेव्हाही कोणी म्हणालंच, पत्रकार होता म्हणून एवढा गाजावाजा. हो, होता म्हणूनच. त्याच आठवड्यात ॲम्ब्युलन्सवाचून गेलेल्या आणखी किती जणांना कोणी विचारलं नाही, हेही खरं. पण मग रायकरांसाठी झालेला गाजावाजा कमी झाला असता तर त्या बाकीच्यांना काय मिळालं असतं? एक चौकशी निघाली तीही निघाली नसती.

आता दुसरा पक्ष. 'तो आमच्या बाजूचा नव्हता.' सरदाना गेले तेव्हा काहींनी आनंद व्यक्त केला. त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळुरूत गौरी लंकेश यांना दारात गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा दुसऱ्या बाजूच्या काहींनी केला होता. एक नैसर्गिक मृत्यू, एक खून, दोन्हींची तुलना होत नाही. नाचणाऱ्यांची मात्र होते. मराठी पत्रकारितेला हे नवं नाही. गोपाळ गणेश आगरकरांची तर पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढली होती. घरासमोरून नेली, त्यांनी ती पाहिली. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढलेला मित्र. पुढे दोघांचं इतकं फाटलं की आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला आणि दोन्ही पत्रांत एकमेकांची सालं काढली जात. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, वयाची चाळिशीही गाठली नव्हती. 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला, आणि लिहिताना त्यांचे डोळे वाहत होते असं सांगतात. आपलं मत त्यांनी सोडलं का? मुळीच नाही. सामाजिक सुधारणेबद्दल टिळक पुढेही होते तिथेच राहिले. विरोधकासाठी रडल्याने मत पातळ होत नाही, ही साधी गोष्ट तेव्हाच्या कडक माणसाला कळत होती.

म्हणून 'मेल्यावर वाईट बोलू नये' हा नियम मी पाळायला सांगतो आहे असं समजू नका. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी तो ठीक आहे. ज्याने आयुष्यभर लाखो लोकांशी बोलायचा अधिकार वापरला त्याच्या कामाची चिकित्सा मरणानंतर थांबवायची, हा शुद्ध फसवणुकीचा प्रकार आहे. अमेरिकेतलं एक उदाहरण या दृष्टीने फार बोधक वाटतं. एनबीसी वाहिनीचे राजकीय मुलाखतकार टिम रसर्ट १३ जून २००८ रोजी वॉशिंग्टनच्या कार्यालयात रविवारच्या कार्यक्रमासाठी आवाज ध्वनिमुद्रित करत असताना कोसळले आणि गेले. ५८ वर्षांचे होते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वर्ष. अंत्यविधीच्या प्रार्थनेला ओबामा आणि मॅकेन हे दोन्ही प्रतिस्पर्धी, कुटुंबाच्या इच्छेनुसार, शेजारी शेजारी बसले. वाहिन्यांनी दिवसच्या दिवस दुसरं काही दाखवलं नाही आणि तिकडेही तेच सुरू झालं, इराकमध्ये रोज पोरं मरताहेत आणि तुम्ही एका निवेदकासाठी रडता. पण खरा सवाल वेगळाच होता आणि तो शोकाच्या गदारोळात बुडाला. रसर्ट यांच्याच कार्यक्रमात सप्टेंबर २००२ मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी येऊन युद्धाच्या आधी इराकविरुद्ध बोलून गेले होते. आणि २००७ मध्ये चेनींच्या कार्यालयातल्याच अधिकारी बाईंनी न्यायालयात साक्ष दिली की आपलं म्हणणं आपल्याला हवं तसं मांडायला तो कार्यक्रम सगळ्यात सोयीचा वाटायचा. एवढा दरारा असलेल्या प्रश्नकर्त्याबद्दल याहून झोंबणारं वाक्य कोणतं असेल? प्रेक्षकाने रडावंच. रडता रडता वाहिनीने हे प्रकरणही सांगायला हवं होतं, कारण स्वतःच्या माणसाचा हिशेब मांडणं हेही तिचं कामच होतं.

इथे माझी सगळी सहानुभूती संपते. वाहिनीचा शोक आणि प्रेक्षकाचा शोक एक नव्हेत. काकू गप्प बसतात. वाहिनी पार्श्वसंगीत लावते, जुनी हसरी दृश्यं संथ गतीने फिरवते, सहकाऱ्याला कॅमेऱ्यासमोर रडू देते आणि कट करत नाही. मृत्यूचा तमाशा करण्याची ही सवय आपल्या माणसापुरतीच सुचलेली नसते. फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रीदेवी गेल्या तेव्हा एक वार्ताहर चक्क बाथटबमध्ये झोपून दाखवत होता. ज्यांनी रोज दुसऱ्यांच्या घाटावर माइक नेले, त्यांच्याच घरात मरण आल्यावर त्यांना दुसरी भाषाच येत नाही. त्यात एस. पी. सिंह यांच्यासारखे अपवाद आठवतात. दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर त्यांचं 'आज तक' नावाचं वीस मिनिटांचं बातमीपत्र, ना घंटा ना शंख. सप्टेंबर १९९५ मध्ये सगळा देश गणपतीला दूध पाजत होता तेव्हा त्यांच्या बातमीपत्राने मोच्याची लोखंडी तिपाईसुद्धा दूध पिते हे दाखवलं. जून १९९७ मध्ये ते अचानक गेले, पन्नाशीच्या आतच. त्या वेळी आमच्या डेस्कवरचा एक शिपाई, शाळा चौथीत सोडलेला, म्हणाला होता, "आता रात्रीचं कोण सांगन?" त्याचा तो कोण लागत होता?

काकूंबद्दल एक गोष्ट मला नंतर कळली, ग्रुप उघडल्यावरही त्यांनी ती तिथे लिहिली नाही. त्या शुक्रवारी काका सहाव्या दिवशी ऑक्सिजनवर होते. भेटायला परवानगी नव्हती, दिवसातून एकदा वॉर्डबॉय फोन लावून द्यायचा. घरात त्या एकट्या. संध्याकाळी पाचला टीव्ही लावायच्या, कारण तो कार्यक्रम दोघं मिळून बघायचे आणि भांडायचे. काकांना सरदाना अजिबात खपत नसत, एकेका वाक्यावर शिव्या घालत. काकू बाजू घ्यायच्या. मे महिन्यात काका घरी आले, हाडाची काडं झालेली. दोन-चार दिवसांनी खुर्चीत बसवल्यावर त्यांनी विचारलं, "तुझा तो पाचवाला दिसत नाही काहून?" काकूंनी सांगितलं, सुट्टीवर आहे. जूनच्या पहिल्या पावसापर्यंत तो सुट्टीवरच होता.